ई-मेलची आपोआप जाणारी पोच : शेतमालाच्या व्यापारातील उपयोग व मर्यादा

प्रास्ताविक

शेतमाल पिकविणे आणि तो विकणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिल्या कामात आपला शेतकरी वाकबगार आहे. दुसऱ्या कामात मात्र जमीन, पाणी व खत ह्यांच्या जोडीला आणखी एका गोष्टीची गरज लागते, ती म्हणजे वेळेवर व विचारपूर्वक केलेला पत्रव्यवहार. उजनी धरणाचे पाणी आल्यापासून करकंब व पंढरपूर तालुक्यातील इतर गावांच्या शिवारांत उसाबरोबरच द्राक्षे, डाळिंब व केळी ह्यांसारखी पिके उभी राहिली आहेत. ह्या पिकांचा माल केवळ आठवड्याच्या बाजारापुरता राहिलेला नाही. तो मुंबई, दिल्लीसारख्या दूरच्या बाजारपेठांत जातो व त्यातील निवडक भाग परदेशीही रवाना होतो. दूरचा ग्राहक बांधावर येऊन भाव विचारीत नाही, तो ई-मेल पाठवितो.

२००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांना मान्यता मिळाली. तेव्हापासून गावोगावी अशा कंपन्या स्थापन झाल्या आहेत. बहुतेक कंपन्यांनी आपला ई-मेलचा पत्ता घेतला आहे. परंतु पत्ता असणे वेगळे आणि त्या पत्त्यावर आलेल्या पत्राला वेळेवर उत्तर जाणे वेगळे. हंगामात कंपनीचे संचालक बागेत किंवा शीतगृहावर असतात, कार्यालयातील एकटा कर्मचारी बँकेत गेलेला असतो, आणि पत्र तसेच पडून राहते. ह्यावर उपाय म्हणून ई-मेलला आपोआप उत्तर जाण्याची सोय वापरली जाते. ही सोय नीट वापरल्यास ग्राहक टिकतो; अविचाराने वापरल्यास कंपनीवर नको ती जबाबदारी येऊन पडते. प्रस्तुत लेखात ह्या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

आपोआप उत्तर म्हणजे काय ?

रजिस्टर टपालाने पत्र पाठविताना सोबत पोचपावतीचे कार्ड लावण्याची पद्धत आपल्या परिचयाची आहे. पत्र घेणाऱ्याने कार्डावर सही करावयाची व ते कार्ड पाठविणाऱ्याकडे परत यावयाचे. २०२५ साली रजिस्टर टपालाची सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली असली, तरी पोचपावतीची कल्पना सर्वांच्या मनात पक्की आहे. त्या कार्डावरील सहीचा अर्थ 'पत्र माझ्या हाती आले' एवढाच असतो. 'पत्रातील सर्व मजकूर मला मान्य आहे' असा त्याचा अर्थ कोणी करीत नाही.

आपोआप जाणारे ई-मेल उत्तर हे अशाच पोचपावतीचे नवे रूप होय. आपण एकदा मजकूर लिहून ठेवावयाचा. त्यानंतर आपल्या पत्त्यावर पत्र येताच तो मजकूर पाठविणाऱ्याकडे रवाना होतो. हे काम आपल्या हातातील मोबाइल करीत नाही, तर ई-मेलची सेवा देणाऱ्या कंपनीचा दूरवरचा संगणक करतो. त्यामुळे गावात वीज नसली, मोबाइल बंद असला किंवा बागेत त्याला रेंज मिळत नसली, तरी उत्तर जाण्यास अडचण येत नाही.

ही सोय आजकालची नाही. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यामार्फत पहिला ई-मेल १९७१ साली रे टॉमलिन्सन ह्या अमेरिकी अभियंत्याने पाठविला. पुढे १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत एरिक ऑलमन ह्यांनी 'व्हेकेशन', म्हणजे 'सुट्टी', ह्या नावाचा छोटा कार्यक्रम तयार केला. सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या वतीने 'मी अमुक तारखेपर्यंत येथे नाही' असे कळविणे हे त्याचे काम होते. आजही अनेक ई-मेल सेवांत ही सोय ह्याच नावाने आढळते.

गरज कोठे पडते ?

द्राक्षाच्या बागेत ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते व साधारणतः जानेवारीपासून एप्रिलपर्यंत माल काढणीस येतो. काढणी पहाटेच्या गारव्यात चालते. त्यानंतर निवड, पेटीबंदी, पूर्वशीतकरण व शीतगृह अशी कामे एकामागून एक येतात. ह्याच चार महिन्यांत ग्राहकांच्या चौकशांची गर्दी होते. म्हणजेच पत्रे सर्वांत अधिक येतात तेव्हा उत्तर देण्यास माणूस सर्वांत कमी मोकळा असतो.

ह्यात देशोदेशींच्या वेळेच्या फरकाची भर पडते. आपल्या द्राक्षांचा एक मोठा ग्राहक असलेल्या नेदरलँड्समधील घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेचार तास व उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. फेब्रुवारीत रॉटरडॅमच्या व्यापाऱ्याने कार्यालय बंद करण्यापूर्वी सायंकाळी ५ वाजता पत्र लिहिले, तर करकंबला रात्रीचे ९॥ झालेले असतात. आपण दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजता उत्तर लिहावयास बसलो, तर तेथे पहाटेचे ४॥ वाजलेले असतात. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे असते. परंतु तेथील साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारची आहे, हे ध्यानात घ्यावे लागते.

नाशवंत माल घेणारा व्यापारी एकाच वेळी अनेक विक्रेत्यांकडे चौकशी करतो. ज्याच्याकडून काहीच उत्तर येत नाही, त्याच्याविषयी दोन शंका त्याच्या मनात येतात. एक, पत्र पोचले की नाही. आणि दुसरी, हा पत्ता चालू तरी आहे की नाही. ह्या दोन शंका तात्काळ दूर करणे एवढेच आपोआप उत्तराचे मुख्य काम आहे. भाव ठरविणे, माल देण्याचे वचन देणे किंवा तक्रारीचा निवाडा करणे हे त्याचे काम नव्हे.

पोच व कबुली ह्यांतील भेद

ह्या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. 'आपोआप गेलेले उत्तर म्हणजे काही खरे उत्तर नव्हे, ते यंत्राने पाठविले आहे, त्याला कायद्यात काय किंमत ?' अशी समजूत असणे स्वाभाविक आहे. परंतु ती बरोबर नाही.

आपल्या देशातील माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ह्याच्या कलम ११ प्रमाणे, एखाद्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने आपोआप चालण्यासाठी योजून ठेवलेल्या संगणकव्यवस्थेने पाठविलेला मजकूर हा त्या व्यक्तीचाच समजला जातो. म्हणजे आपण लिहून ठेवलेले उत्तर रात्री २ वाजता यंत्राने पाठविले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते आपणच पाठविले.

ह्याच अधिनियमाचे कलम १२ पोचेविषयी आहे. पाठविणाऱ्याने पोचेची विशिष्ट रीत ठरवून दिली नसेल, तर पत्र मिळणाऱ्याकडून आलेला कोणताही निरोप, मग तो आपोआप आलेला असो वा नसो, पोच म्हणून चालतो. शिवाय, 'पोच मिळाल्यावरच माझे हे पत्र मला बंधनकारक राहील' अशी अट पाठविणाऱ्याने घातली असेल, तर पोच मिळेपर्यंत ते पत्र पाठविलेच नाही असे धरले जाते. अशा वेळी आपली आपोआप गेलेली पोच ही व्यवहारातील एक खरी पायरी ठरते.

कलम १३ प्रमाणे, उभयपक्षी वेगळे ठरले नसेल, तर आपण पत्रांसाठी नेमून दिलेल्या पत्त्याच्या संगणकात पत्र शिरले की ते आपणास मिळाले असे समजले जाते. 'आम्ही तीन दिवस पेटी उघडली नाही' ही सबब त्यामुळे फारशी उपयोगी पडत नाही. २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम १०-अ असे सांगते की, प्रस्ताव व स्वीकृती संगणकामार्फत झाली एवढ्याच कारणाने करार निरर्थक ठरत नाही.

ई-मेलवरील शब्द किती पक्का धरला जातो, ह्याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या एका निकालात मिळते. दुबईची ट्रायमेक्स ही कंपनी व वेदांत अॅल्युमिनियम ह्यांच्यात बॉक्साइटच्या पाच जहाजभर मालाविषयी ई-मेलने बोलणी झाली होती. रीतसर करारपत्रावर सह्या झालेल्या नव्हत्या. तरीही ई-मेलवरून व्यवहाराच्या मुख्य बाबी ठरून स्वीकृती कळविली गेली असल्याने करार झालेला आहे, असे न्यायालयाने ठरविले. कॅनडात २०२४ साली असाच बोध देणारे दुसरे प्रकरण घडले. एअर कॅनडा ह्या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील यंत्राने एका प्रवाशास भाड्याच्या सवलतीविषयी चुकीचे उत्तर दिले. यंत्राच्या उत्तराची जबाबदारी आपणावर नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. तेथील न्यायाधिकरणाने ते अमान्य करून प्रवाशास भरपाई देवविली.

दुसऱ्या बाजूने पाहता, भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७ प्रमाणे प्रस्तावाची स्वीकृती निखालस व बिनशर्त असावी लागते. 'पत्र मिळाले' एवढेच म्हणणारी पोच ही स्वीकृती होत नाही. सारांश असा की, यंत्राने पाठविलेले शब्द आपलेच ठरतात; म्हणून यंत्राच्या तोंडी केवळ पोचेचेच शब्द द्यावेत, कबुलीचे शब्द कदापि देऊ नयेत.

एक उदाहरण

समजा, फेब्रुवारी महिन्यात शुक्रवारी रात्री करकंब परिसरातील एका उत्पादक कंपनीच्या पत्त्यावर परदेशातील व्यापाऱ्याचे पत्र आले. त्याला पुढील आठवड्यात एक कंटेनर भरेल इतकी द्राक्षे हवी आहेत व त्याने भाव विचारला आहे. कंपनीचे सर्व लोक शनिवार-रविवार काढणीच्या गडबडीत आहेत. आता तीन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार : कोणतेच उत्तर गेले नाही. सोमवारी दुपारपर्यंत वाट पाहून व्यापाऱ्याने दुसरीकडे माल ठरविला. बागेतील तयार माल वेलीवर फार दिवस राखून ठेवता येत नाही. साखर वाढत जाते, अवेळी पाऊस आल्यास मणी तडकतात, आणि शेवटी मिळेल त्या भावाने माल द्यावा लागतो किंवा बेदाण्याकडे वळवावा लागतो.

दुसरा प्रकार : 'आपली मागणी मान्य असून माल लवकरच रवाना करण्यात येईल' असे आपोआप उत्तर गेले. व्यापाऱ्याने त्यावर विसंबून जहाजावर जागा धरली. सोमवारी कंपनीच्या ध्यानात आले की, तो माल दोन दिवसांपूर्वीच दुसऱ्या ग्राहकास कबूल केलेला आहे. आता माल न दिल्यास तंटा, आणि दिल्यास पहिल्या ग्राहकाचा विश्वासघात. व्यापाऱ्याने केवळ भाव विचारला होता, तेव्हा करार झाला की नाही हा वकिलांचा प्रश्न होईल. परंतु तो प्रश्न उभा राहणे हेच मुळात नुकसान होय.

तिसरा प्रकार : पत्र पोचल्याचे, ही केवळ पोच असल्याचे व शनिवारी दुपारी अमुक वाजेपर्यंत उत्तर मिळेल असे कळविणारे उत्तर गेले. कंपनीने नेमलेल्या माणसाने शनिवारी सकाळी अर्धा तास काढून पत्र वाचले, शिल्लक माल पाहिला व सांगितलेल्या वेळेपूर्वी भाव कळविला. व्यवहार होवो अथवा न होवो, ही कंपनी शब्दाला जागते, असे व्यापाऱ्याच्या नोंदीत राहिले.

तिसऱ्या प्रकारात यंत्राने केलेले काम लहान आहे. खरे काम शनिवारी सकाळी माणसाने केलेले आहे, हे विसरू नये.

मजकुराचे नमुने

आपोआप उत्तराचा मजकूर थोडक्यात, स्पष्ट व सभ्य असावा. परदेशी ग्राहकांसाठी तोच मजकूर इंग्रजीत व आपल्या राज्यातील ग्राहकांसाठी मराठीत द्यावा. दोन्ही भाषा एकाच उत्तरात एकाखाली एक घेतल्या तरी चालतात. पुढील नमुने आपापल्या गरजेप्रमाणे बदलून घ्यावेत.

नमुना १ — सर्वसाधारण पोच :

"सप्रेम नमस्कार. आपला ई-मेल आमच्या कार्यालयास पोचला आहे. हे उत्तर आपोआप पाठविले गेले आहे. ही केवळ पत्राची पोच असून मागणीचा किंवा भावाचा स्वीकार नव्हे. आपल्या पत्रास आमचे विक्री व्यवस्थापक पुढील कामाच्या दिवशी दुपारी १ वाजेपर्यंत स्वतः उत्तर देतील. चौकशी मालासंबंधी असल्यास मालाची जात, प्रत, वजन, पेटीचा आकार, पोचविण्याचे ठिकाण व तारीख कळवावी, म्हणजे उत्तर लवकर देता येईल. तातडीचे काम असल्यास कार्यालयाच्या दूरध्वनीवर सकाळी ९ ते सायंकाळी ६ ह्या वेळात संपर्क साधावा."

ह्या मजकुरात पाच गोष्टी आहेत : पत्र पोचले, उत्तर यंत्राचे आहे, ही कबुली नव्हे, माणसाचे उत्तर केव्हा येईल, आणि तोपर्यंत ग्राहकाने काय करावे. ह्यांपैकी एकही गाळू नये. 'लवकरच' हा शब्द टाळावा. ग्राहकाचे 'लवकर' व आपले 'लवकर' सारखे नसते. दिवस व वेळ स्पष्ट सांगावी.

नमुना २ — कार्यालय बंद असतानाची पोच :

"सप्रेम नमस्कार. आषाढी वारीच्या काळात पंढरपूर परिसरातील वाहतुकीवर निर्बंध असल्याने आमचे कार्यालय दिनांक ... पासून दिनांक ... पर्यंत बंद आहे. ह्या काळात माल रवाना होणार नाही. आपल्या पत्रास दिनांक ... रोजी उत्तर देण्यात येईल. ही केवळ पत्राची पोच आहे."

आषाढी व कार्तिकीच्या दिवसांत पंढरीच्या वाटा कशा भरून जातात, हे आपणास सांगावयास नको. परंतु दिल्लीच्या किंवा दुबईच्या व्यापाऱ्यास त्याची कल्पना असतेच असे नाही. म्हणून कारण व तारखा दोन्ही द्याव्यात, व असे उत्तर शक्य तर आठवडाभर आधी नेहमीच्या ग्राहकांस वेगळे पत्र पाठवूनही कळवावे.

नमुना ३ — तक्रारीची पोच :

"सप्रेम नमस्कार. मालासंबंधीचे आपले पत्र पोचले आहे. कृपया पेटीवरील लॉट क्रमांक, माल उतरविल्याची तारीख व वेळ, कंटेनरमधील तापमानाची नोंद व मालाची छायाचित्रे पाठवावीत. तपासणी करून आमचे उत्तर दोन कामाच्या दिवसांत पाठविले जाईल. ही पोच म्हणजे तक्रारीच्या कारणाची कबुली नव्हे."

नाशवंत मालाच्या तक्रारीत पहिल्या काही तासांतील पुरावा फार मोलाचा असतो. पोचेबरोबरच आवश्यक माहिती मागविल्यास तो पुरावा गोळा होतो व पुढील बोलणी वस्तुस्थितीवर चालतात. मात्र असे उत्तर तक्रारींसाठी राखून ठेवलेल्या वेगळ्या पत्त्यावरच लावावे. भाव विचारणाऱ्या ग्राहकास तक्रारीची पोच जाणे बरे दिसत नाही.

सोय कशी सुरू करावी ?

अनेक कंपन्या व शेतकरी जी-मेल वापरतात, म्हणून तिची रीत येथे देत आहोत. इतर सेवांतही थोड्या फरकाने अशीच सोय असते.

(१) संगणकावर जी-मेल उघडून 'सेटिंग्ज'मध्ये जावे व सर्व सेटिंग्ज पाहण्याचा पर्याय निवडावा.

(२) 'जनरल' ह्या भागात खाली 'व्हेकेशन रिस्पाँडर' ही सोय आढळेल. ती चालू करावी.

(३) पहिला दिवस व शेवटचा दिवस भरावा. शेवटचा दिवस न भरल्यास उत्तर आपण बंद करीपर्यंत जातच राहते.

(४) विषय व मजकूर लिहावा. उत्तर केवळ आपल्या ओळखीच्या पत्त्यांनाच जावे असा पर्यायही तेथे आहे. नव्या ग्राहकांच्या चौकशा हव्या असतील, तर तो निवडू नये.

(५) बदल जतन करून दुसऱ्या पत्त्यावरून स्वतःस एक पत्र पाठवावे व आलेले उत्तर वाचून पाहावे.

ही सोय एकाच व्यक्तीस प्रत्येक पत्रागणिक उत्तर पाठवीत नाही. एकदा उत्तर गेले की त्याच व्यक्तीचे पत्र चार दिवसांनंतर पुन्हा आल्यासच दुसऱ्यांदा उत्तर जाते. त्यामुळे तीच पोच वारंवार जाऊन ग्राहक त्रासत नाही. परंतु त्याच्या दुसऱ्या पत्राला पोच गेली आहे असे गृहीतही धरता येत नाही. तसेच जे पत्र 'स्पॅम'च्या कप्प्यात पडते, त्याला उत्तर जात नाही. एखाद्या खऱ्या ग्राहकाचे पत्र चुकून तेथे पडल्यास त्याला पोचही मिळणार नाही. यास्तव तो कप्पा रोज एकदा पाहणे अगत्याचे आहे.

व्हॉट्सअॅपची व्यवसायासाठी निघालेली आवृत्तीही बरेच शेतकरी वापरतात. तिच्यात प्रथम संपर्क करणाऱ्यास स्वागताचा निरोप व कार्यालयीन वेळेबाहेर अनुपस्थितीचा निरोप आपोआप पाठविण्याची सोय आहे. वर सांगितलेला पोच व कबुली ह्यांतील भेद तेथेही तितकाच लागू आहे.

घ्यावयाची खबरदारी

उत्तरांची साखळी : आपल्या पत्त्यावर आपोआप उत्तर लावलेले आहे आणि ग्राहकाच्या पत्त्यावरही. आपल्या यंत्राने त्यास उत्तर दिले, त्याच्या यंत्राने त्या उत्तरास उत्तर दिले, असे अखंड चालू राहिल्यास दोन्ही पेट्या भरून जातील. हा धोका टाळण्यासाठी इंटरनेटची तांत्रिक मानके ठरविणाऱ्या मंडळाने ऑगस्ट २००४ मध्ये ३८३४ क्रमांकाचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. आपोआप गेलेल्या पत्रावर तशी अदृश्य खूण असावी, अशी खूण असलेल्या पत्रास पुन्हा आपोआप उत्तर देऊ नये, व एकाच व्यक्तीस थोड्या दिवसांत तेच उत्तर वारंवार पाठवू नये, अशा शिफारशी त्यात आहेत. नावाजलेल्या सेवा अशी काळजी घेतात. कोणी स्वस्तात वेगळी व्यवस्था करून देत असल्यास तिच्यात ही काळजी घेतली आहे काय, हे विचारून घ्यावे.

चोरांना माहिती : 'अध्यक्ष दहा दिवस परगावी असून त्यांच्याशी संपर्क होणार नाही' असा मजकूर सर्वांस पाठविणे धोक्याचे आहे. असे उत्तर मिळालेला लबाड माणूस अध्यक्षांच्या नावे कंपनीच्या हिशेबनीसास पत्र पाठवून पैसे वळते करण्यास सांगू शकतो. 'कार्यालय बंद आहे' एवढे सांगणे पुरे. कोण कोठे आहे, हे सांगू नये. बँकेचा खाते क्रमांक आपोआप उत्तरात कधीही देऊ नये. 'आमचे बँक खाते बदलले आहे' असे पत्र ग्राहकाकडून किंवा पुरवठादाराकडून आल्यास जुन्या, ओळखीच्या दूरध्वनी क्रमांकावर बोलून खात्री केल्यावाचून पैसे पाठवू नयेत. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

शिळा मजकूर : हंगाम संपल्यावरही 'द्राक्षाची काढणी चालू आहे' असे सांगणारे उत्तर कंपनीची अनास्था दाखविते. भाव तर आपोआप उत्तरात मुळीच लिहू नयेत. बाजार सकाळ-सायंकाळ बदलतो, लिहून ठेवलेला मजकूर बदलत नाही.

स्वतः मजकूर रचणारी यंत्रे : अलीकडे आलेले पत्र वाचून स्वतःच उत्तर रचणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने उपलब्ध झाली आहेत. कच्चा मसुदा तयार करण्यास, विशेषतः इंग्रजी पत्रांसाठी, ती उपयुक्त आहेत. परंतु असे साधन ग्राहकाच्या बोलण्याच्या ओघात नसलेला माल कबूल करू शकते. म्हणून त्याचा मसुदा माणसाने वाचल्याखेरीज रवाना होऊ देऊ नये.

कार्यालयातील व्यवस्था

आपोआप पोच सुरू करण्यापूर्वी उत्पादक कंपनीने किंवा गटाने आपल्या बैठकीत पुढील गोष्टी ठरवून घ्याव्यात :

(१) ई-मेल रोज कोण व किती वाजता वाचणार. तो नसल्यास त्याच्या जागी कोण.

(२) भाव व माल कबूल करण्याचा अधिकार कोणास आहे. हा अधिकार एकाच व्यक्तीकडे असणे इष्ट.

(३) पोचेत सांगितलेली वेळ पाळता येईल काय. पाळता येत नसेल, तर वेळ वाढवावी. परंतु सांगितलेली वेळ मोडू नये.

(४) आवक-जावक नोंदवहीत प्रत्येक चौकशीची तारीख, ग्राहकाचे नाव, मागणी, माणसाने उत्तर दिल्याची तारीख व परिणाम ह्यांची नोंद ठेवावी. आपोआप गेलेली पोच ही 'उत्तर दिले' ह्या रकान्यात लिहू नये.

(५) हंगामाच्या आरंभी, मध्यावर व अखेरीस मजकूर वाचून दुरुस्त करावा.

ह्यांतील चौथी बाब विशेष महत्त्वाची आहे. यंत्राने पोच दिली म्हणजे काम झाले, असा समज कार्यालयात हळूहळू पसरतो व पत्रे अधिकच पडून राहतात. मुळीच उत्तर न देणाऱ्यापेक्षा वेळ देऊन ती न पाळणारा विक्रेता ग्राहकाच्या नजरेतून अधिक उतरतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवर काम करणाऱ्या कृषी कर्मचाऱ्यांनी गटांच्या बैठकीत हा विषय प्रात्यक्षिकासह मांडावा. एका सभासदाच्या मोबाइलवरून गटाच्या पत्त्यावर पत्र पाठवून काय उत्तर येते, हे सर्वांसमक्ष वाचून दाखवावे. अध्या तासाच्या अशा प्रात्यक्षिकाने जेवढे समजते, तेवढे लांब व्याख्यानाने समजत नाही. तरुण मुलामुलींना साधनांची माहिती असते व वडीलधाऱ्यांना व्यवहाराची जाण असते. मजकूर दोघांनी मिळून लिहावा : यंत्रात तो तरुणांनी भरावा, आणि त्यात नको ते वचन तर दिलेले नाही ना, हे वडीलधाऱ्यांनी पाहावे. मोठा व्यवहार किंवा तंटा असल्यास वकिलाचा सल्ला घेण्यास सांगावे.

समारोप

बाजारात तोंडी दिलेला शब्द पाळणे ही आपल्या शेतकऱ्याची जुनी रीत आहे. यंत्राच्या तोंडून गेलेला शब्दही आपलाच शब्द आहे, हे ओळखून ती रीत येथेही चालू ठेवावी. पत्र पोचताच पोच जावी, पोचेत कबुली नसावी, आणि सांगितलेल्या वेळी माणसाचे उत्तर जावे. ह्या तीन गोष्टी पाळल्यास ई-मेलची आपोआप पोच ही हंगामात विनावेतन राबणाऱ्या कारकुनासारखी उपयोगी पडेल. येत्या हंगामापूर्वीच उत्पादक कंपन्यांनी व गटांनी आपला मजकूर तयार करून, तपासून ठेवावा, अशी शिफारस आहे.